सलाईन लावून आजार झाकू नका

स्पष्टच लिहितो. थायरॉईडमुळे डोळे पुढे आलेला पेशंट म्हणजे 'डोळ्यांची केस', असं समजून आपल्याकडे मोकळे होतात. डोळ्यांचे डॉक्टर डोळे बघणार. बाकीचा माणूस बघायचा कुणी?

मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. पण हे पाठ्यपुस्तकातलं आहे. हा डोळ्यांचा आजार म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटणं. ती कधीकधी दुसऱ्या ग्रंथीही पोखरते. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी निकामी झाल्या की होतो ॲडिसनचा आजार. थॉमस ॲडिसननं तो १८५५ साली लिहून ठेवलाय!

वजन घटणं, उठताना चक्कर, बीपी कमी, सारखं खारट खावंसं वाटणं, हिरड्या नि तळहाताच्या रेषा काळवंडणं. यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर काय? "अशक्तपणा आहे, सलाईन लावा." सलाईनमधल्या मिठा-पाण्यानं दोन दिवस बरं वाटतं आणि आजार झाकला जातो. त्यात थायरॉईड कमी दिसलं म्हणून नुसती थायरॉक्सिनची गोळी सुरू केली, तर जिवावर बेतू शकतं.

"दुर्मिळ आहे हो" म्हणून हात झटकू नका. सरसकट तपासा असं कुणी म्हणत नाही. लक्षणं दिसली तर सकाळी आठला कॉर्टिसॉलसाठी रक्त घ्या, एवढंच. तालुक्याला मशीन नसेल तर नमुना जिल्ह्याला पाठवा. नेत्रशिबिराच्या फ्लेक्सला पैसे मिळतात, मग याला का नाही?

आणि नातेवाईकांनो, डोळ्यांसाठी स्टिरॉईड चालू असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका. विचारायला लाजू नका. जीव आपल्या माणसाचा आहे.