ओळखीची चव

नाशिकच्या कॉलेज रोडवरून जाताना चार वर्षांचे मूल पाटी वाचता येण्याआधीच बर्गरचे दुकान ओळखते. तेच मूल नागलीच्या भाकरीपुढे तोंड फिरवते. वास्तविक ही नागली, म्हणजे नाचणी, जिल्ह्यातल्याच पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर पिकते. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गव्हाच्या कितीतरी पट.

मुलांना ओळखीचे तेच आवडते. नवी चव रुळायला तो पदार्थ आठ-दहा वेळा तरी ताटात यावा लागतो. पण आजीपुढे भाकरी, वडिलांपुढे पोळी आणि मुलापुढे नूडल्स असतील, तर ओळख व्हायची कशी?

राज्य सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवण्याचा आदेश काढला. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत जादा मीठ, साखर, चरबीच्या पदार्थांची विक्री रोखली. घरातल्या ताटाला मात्र असा नियम नाही, आणि तेथे जबरदस्तीचाही उपयोग होत नाही. आठवड्यातून दोनदा तरी सर्वांनी एकत्र बसून एकच जेवण घ्यावे. मुलाच्या ताटात भाकरीचा चतकोर वाढावा. तो तसाच राहिला, तर न रागावता पुढच्या वेळी पुन्हा वाढावा.