अर्धशिशीची वही



घटस्थापना पंधरवड्यावर आली आहे. कोल्हापुरात घरोघरी साफसफाई, अंथरूण-पांघरूण धुणे आणि नऊ दिवसांच्या उपवासाचे बेत सुरू झाले असतील. याच दिवसांत माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते. ‘डॉक्टर, डोकं उठलंय; नेहमीचंच पित्त असेल, गोळी द्या.’ पहाटेपासून अंबाबाईच्या दर्शनाची रांग, पोटात अन्न नाही, पाणीही बेताचेच, वर ऑक्टोबरचे ऊन आणि रात्रीचे जागरण. ज्यांना मुळात अर्धशिशी आहे, त्यांचे डोके उठण्यास एवढी निमित्ते पुरेशी असतात. म्हणून या वेळी अर्धशिशीविषयी, आणि विशेषतः आपली स्वतःची निमित्ते कशी ओळखावीत याविषयी.

पित्त की अर्धशिशी?

हा विकार आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या अकरा शिरोरोगांत ‘अर्धावभेदक’ आहे. डोक्याच्या बहुधा एका बाजूस ठणका लागतो, हालचालीने तो वाढतो, मळमळ किंवा उलटी होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही. उपचार न केल्यास हा झटका ४ ते ७२ तास टिकू शकतो. काहींना दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात.

झटक्यात जठराचे काम मंदावते, म्हणून उलटी होते. आणि उलटीनंतर अनेकांना हलके वाटते. त्यामुळे ‘पित्त पडले, डोके उतरले’ असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वस्तुतः पित्त हे येथे कारण नसून झटक्याचाच एक भाग आहे. हा भेद महत्त्वाचा, कारण पित्ताच्या गोळ्या घेत राहिल्याने खरे निमित्त तसेच राहते.

वयाच्या साठीनंतर बहुतेकांची अर्धशिशी सौम्य होते, ही दिलाशाची गोष्ट. मात्र ज्येष्ठांत उरलेले झटके कधी रूप बदलतात. डोके फारसे न दुखता नुसत्याच नागमोडी रेषा दिसतात, किंवा ठणक्यापेक्षा मळमळ अधिक असते.

कारण वेगळे, निमित्त वेगळे

अर्धशिशीचे मूळ मेंदूच्या संवेदनशीलतेत असते आणि ती पुष्कळदा घराण्यातून येते. ती आपल्या हाती नाही. उपवास, ऊन, जागरण, उग्र वास ही निमित्ते होत. त्यांतील बरीच आपल्या हाती आहेत.

निमित्तांचे गणित घागरीसारखे असते. एक तांब्या ओतला तर घागर सांडत नाही. तीन-चार तांबे एका दिवशी पडले की ती भरून वाहते. म्हणूनच ‘मागच्या आठवड्यात उन्हात गेलो तेव्हा काही झाले नाही, आज कसे झाले?’ असा प्रश्न पडतो. मागच्या आठवड्यात झोप पुरी होती आणि जेवण वेळेवर होते, इतकाच फरक असतो.

वही कशी ठेवावी

निमित्ते स्मरणाने सापडत नाहीत. ती लिहून सापडतात. एक साधी वही घ्या. दोन ते तीन महिने रोज दोन ओळी पुरेत, आणि डोके न दुखलेल्या दिवशीही लिहायचे, कारण तुलना त्याच दिवसांशी करायची आहे.

- झोप किती झाली. रात्री जाग आली का
- जेवणाच्या वेळा, उपवास, पाणी व चहा किती
- न्हाणे, ऊन, प्रवास, गर्दी, उग्र वास, मोठा आवाज
- मनावरचा ताण, किंवा ताण संपल्यानंतरचा दिवस
- नवीन सुरू झालेले अथवा बदललेले औषध
- दुखणे कधी सुरू झाले, किती वेळ टिकले, कोणती गोळी घेतली

ज्येष्ठांना लिहिणे जड जात असेल तर सून, मुलगा, नातवंडे किंवा सांभाळणारी मावशी यांनी रात्री विचारून लिहावे. ‘आज डोके दुखले का?’ एवढ्यावर न थांबता ‘दुपारी जेवण किती वाजता झाले?’ हेही विचारावे.

एका सदुसष्ट वर्षांच्या आजींचे उदाहरण, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, सांगतो. त्यांच्या नातीने तीन महिने वही ठेवली. नऊ झटके आले, त्यांतील सात शुक्रवारी दुपारी. आजींचे म्हणणे, ‘शुक्रवारचा उपवास बाधतो.’ पण त्या मंगळवारीही उपवास करत होत्या आणि मंगळवारी एकही झटका नव्हता. नातीने फरक शोधला. शुक्रवारी आजी सकाळी न्हात, ओले केस तसेच बांधून देवळात जात, रांगेत उभ्या राहत आणि पहिला चहा परतल्यावर अकराला घेत. मधल्या काळात त्या पंधरा दिवस इचलकरंजीला लेकीकडे राहिल्या. तेथे शुक्रवारी न्हाणे झाले, परंतु लेकीने उपवास करू दिला नाही. डोके दुखले नाही. म्हणजे नुसता उपवासही दोषी नव्हता आणि नुसते न्हाणेही. दोन्ही एकत्र आले की घागर भरत होती. उपाय सोपा झाला: न्हाणे रविवारी, केस पूर्ण वाळवून, शुक्रवारी घरून निघण्यापूर्वी चहा, केळे आणि पेलाभर दूध. पुढील तीन महिन्यांत तीनच झटके आले. उपवास सुटला नाही, देवीचे दर्शनही चुकले नाही.

न्हाण्याने डोके दुखते हे ऐकून काही जण हसतात. हसण्याचे कारण नाही. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी न्हाण्यामुळे अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. लांब, दाट केस बराच वेळ ओले ठेवणाऱ्या आपल्या स्त्रियांच्या तक्रारीची त्यामुळे जगाने दखल घेतली. उपवासाचेही तसेच. ज्यू लोकांचा योम किप्पूर आणि मुस्लिमांचा रमजान या काळांतील डोकेदुखीचा अभ्यास झालेला आहे. निमित्त कोणत्याही एका धर्माचे नसते.

एक चकवा

झटक्याच्या काही तास किंवा एखाद-दोन दिवस आधीपासून मेंदूत बदल सुरू झालेले असतात. त्या काळात जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते. मग जिलबी खाल्ली आणि डोके दुखले की दोष जिलबीवर जातो. प्रत्यक्षात गोडाची इच्छा हीच झटक्याची पहिली खूण असते. मानेचेही असेच. उतारवयात मानेचा एक्स-रे काढला तर मणक्यांची थोडीफार झीज बहुतेकांना दिसते, आणि सारा ठपका तिच्यावर बसतो. म्हणून एकदा जुळले म्हणून कोणताही पदार्थ वर्ज्य करू नका. तीन-चार वेळा तोच क्रम दिसला तरच ते निमित्त समजावे. उगाच पथ्ये वाढवल्याने ज्येष्ठांचे वजन घटते आणि हाती काही लागत नाही.

निमित्तांची व्यवस्था

*उपवास:* पाणी वर्ज्य करू नका. दर तीन-चार तासांनी दूध, ताक, फळ, भगर किंवा राजगिऱ्याचे काही घ्यावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना भेटणे अनिवार्य आहे. साखर उतरल्यानेही डोके दुखते, आणि ते अधिक धोक्याचे असते.

*चहा:* रोज चार कप घेणाऱ्याने तो एकाएकी सोडला तर दिवसभरात डोके धरते. कमी करायचा तर हळूहळू करावा.

*झोप:* कमी झोप जशी बाधते, तशी सुटीच्या दिवशीची लांबलेली झोपही. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा.

*ऊन, आवाज, वास:* दर्शनाला सकाळी लवकर जावे. छत्री किंवा टोपी सोबत असावी. मिरवणुकीचा दणदणाट आणि डोळ्यांवर येणारे झोत टाळावेत. उदबत्ती-धूप लावताना खिडकी उघडी ठेवावी.

*औषधे:* हृदयविकारासाठीच्या नायट्रेट गटातील गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी डोके दुखू शकते. मनाने गोळी बंद करू नका. वही दाखवा, पर्याय शोधता येतो.

गोळ्यांचा हिशेब

वहीत गोळ्या मोजण्यामागे कारण आहे. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ वा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या, ट्रिप्टान किंवा अर्गोटामिन १० वा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर गोळीच डोकेदुखीला कारण होऊ शकते.

ज्येष्ठांत आणखी काही गोष्टी जपाव्या लागतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडास इजा, जठरात रक्तस्राव आणि रक्तदाबवाढ संभवते. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना ट्रिप्टान व अर्गोटामिन चालत नाहीत. अर्धशिशी टाळण्यासाठी दिली जाणारी फ्लुनारिझिन दीर्घकाळ घेतल्यास वृद्धांत कंप, मंद हालचाल आणि उदासी येऊ शकते. अमिट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठ, लघवी अडणे, गोंधळ आणि तोल जाणे घडू शकते. शेजारणीला गुण आला म्हणून तिची चिठ्ठी औषधाच्या दुकानात नेऊ नये, ते यासाठी.

येथे वही बाजूला ठेवा

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, किंवा जुनी असूनही स्वरूप बदललेली डोकेदुखी ही अर्धशिशी समजू नये. पुढील लक्षणे दिसताच डॉक्टर गाठावेत.

- कानशिलाची शीर दुखरी होणे, केस विंचरताना टाळू दुखणे, घास चावताना जबडा भरून येणे, नजर अंधुक होणे. हा धमनीचा दाह असू शकतो; रक्ततपासणी करून औषध त्वरित सुरू न केल्यास दृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो.
- डोळा लाल होऊन तीव्र दुखणे, दिव्याभोवती वलये, उलट्या. हा काचबिंदूचा तीव्र प्रकार असू शकतो.
- पडल्यानंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही, डोके दुखणे, झापड येणे किंवा चाल बदलणे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी अधिकच सावध राहावे.
- ताप आणि ताठलेली मान.
- क्षणात पराकोटीला पोहोचलेली डोकेदुखी. तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे.

यांतील अखेरच्या लक्षणांत क्षणाचाही विचार न करता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. अर्धशिशीच्या नागमोडी रेषा काही मिनिटांत हळूहळू पसरतात आणि बहुधा तासाभरात विरतात. पक्षाघातात मात्र दिसणे वा बोलणे एकाएकी नाहीसे होते. तरीही उतारवयात असे प्रथमच घडले तर त्याचा निवाडा घरी करू नये.

ज्यांची अर्धशिशी जुनी आणि ओळखीची आहे, त्यांनी आजच वही घालावी. नवरात्राचे नऊ दिवस त्यासाठी फार उपयुक्त आहेत, कारण उपवास, जागरण, ऊन आणि गर्दी ही चारही निमित्ते त्यांत एकत्र येतात. सीमोल्लंघनानंतर ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. ‘डोके फार दुखते’ या एका वाक्यापेक्षा ती नऊ पाने त्यांना कितीतरी अधिक सांगतील.