रोहिणीचा पाऊस, मृगाचं बी

गेल्या वर्षीची गोष्ट. २६ मे २०२५ च्या सकाळी उठून गच्चीवर गेलो, तर वाळत घातलेल्या मिरच्या पाण्यात तरंगत होत्या. मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने त्याच दिवशी जाहीर केलं. त्याची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे पाहुणा चांगला सोळा दिवस आधी दारात! रोहिणी नक्षत्र लागून जेमतेम एक दिवस झाला होता. आमच्या गोरेगावच्या सोसायटीचं नुकसान दोन किलो बेडगी मिरचीवर निभावलं. दोन दिवसांनी फिरायला आरेत गेलो, तेव्हा पाड्यावरच्या मावशी त्यांच्या राबाच्या तुकड्याकडे पाहत उभ्या होत्या.

राब म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांना थोडक्यात सांगायला हवं. भाताचं रोप जिथे करायचं, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, वाळकं गवत, डहाळ्या यांचे थर रचून ते जाळतात. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, माती भुसभुशीत राहते आणि पुढे लावणीसाठी रोप उपटताना मुळं तुटत नाहीत. यावर मृगाच्या पावसाच्या अंदाजाने बी टाकायचं. गेल्या वर्षी राख अजून उडत होती तोवर धो धो पाऊस आला आणि अर्धी राख ओढ्याला मिळाली. शेजारच्या घराने लगेच बी फेकलं. मावशींनी नाही. "हा पाऊस फशिवतो, भाऊ," म्हणाल्या. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस खरोखरच रेंगाळला. शेजाऱ्यांची रोपं पिवळी पडली, काही चिमण्यांनी नेली. पण मावशींचंही सगळं बरोबर ठरलं असं नाही. थांबल्यामुळे त्यांच्या राबात तण माजलं आणि ते खुरपता खुरपता त्यांची कंबर गेली.

आरे म्हटलं की मुंबईकरांना दूध आठवतं. १९४९ साली ही वसाहत उभी राहिली, तबेले शहराबाहेर काढून म्हशी इथे आणल्या. दारा खुरोडींनी त्या काळी घेतलेले कष्ट मोठेच होते. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मिळाला. म्हशींसाठी पॅरा गवताची हिरवीगार कुरणं तयार झाली. पण सुमारे तीन हजार एकरांच्या या पसाऱ्यात सत्तावीस पाडे आहेत, त्यातले कित्येक वारल्यांचे, आणि ते म्हशींच्या आधीपासूनचे आहेत, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. मीही वीस वर्षं इथे राहून ते उशिराच शिकलो.

त्यांचं वर्ष आमच्या कॅलेंडरवर चालत नाही. वळवाची सर पडली की शेवळं जमिनीतून वर येतात. ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवली नाहीत तर घसा खाजतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. मग कुळीची भाजी. (तिच्याच कुळातल्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव आपल्या बोरिवलीवरून पडलं आहे.) मग टाकळा, ओढ्याकाठचे खेकडे, श्रावणात करटोली. ऑगस्टमध्ये तेरड्याने उतार गुलाबी होतात. भात कापणीला येतं तोच वाघबारस येते आणि वाघ्यादेवाला शेंदूर लागतो. बिबट्या इथला शेजारी आहे, आणि शेजार नेहमीच सुखाचा नसतो: २०२२ च्या दिवाळीत त्याच्या हल्ल्यात आरेत एक लहान मुलगी दगावली. तरी देवाचा शेंदूर चुकला नाही. थंडीत गोरेगाव स्टेशनवर पंखे गरगरत असतात आणि इथे पहाटे शेकोटी लागते. वाल, मुळा, माठ डोक्यावरच्या पाटीतून बाजारात जातो. मग पळस, करवंदं, जांभळं, आणि पुन्हा राब.

४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हाही भाताची कणसं वाकायच्या बेतात होती. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. पुढे २०२१ मध्ये आठशे बारा एकर राखीव वन जाहीर झालं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून आरेतून भुयारी मेट्रोही सुटू लागली. मी तिने बीकेसीला जातो. गार हवेत बसून जातो. हे लपवून या विषयावर लिहिणं बरं दिसणार नाही.

मला छळते ती दुसरीच गोष्ट. गेल्या वर्षी लवकर आलेला पाऊस लवकर गेलाही नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस कापून ठेवलेलं मावशींचं भात भिजलं, काही भाऱ्यांना कोंब आले. कोकणात पंचनाम्यांची चर्चा सुरू होती. मी उत्साहाने म्हणालो, अर्ज करू या. त्यांनी विचारलं, "कंच्या कागदावर?" जमीन सरकारी दुग्धविकास खात्याच्या नावावर. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही. तीन पिढ्या त्याच खाचरात चिखल तुडवणाऱ्याला नुकसान झालं, हे सिद्ध करण्यासाठी आधी तो शेतकरी आहे हे सिद्ध करावं लागतं.

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. नव्वदीच्या सुरुवातीला बँकेत कर्जाच्या टेबलावर असताना असाच एक पाड्यावरचा माणूस बैलासाठी कर्ज मागायला आला होता. मी नियमाप्रमाणे सातबारा मागितला. त्याने पिशवीतून रेशनकार्ड काढलं, मग घरपट्टीसारखी कसलीशी पावती, मग एक फोटो, शेताचा. मी फोटो परत केला. नियम माझा नव्हता, पण "पुढे" असं जे मी रांगेला म्हणालो, ते माझंच होतं. २००६ चा वनहक्क कायदा तेव्हा व्हायचा होता, हे खरं. पण तो झाल्यानंतरही मावशींच्या हातात कागद नाहीच.

डिसेंबरात पुन्हा गेलो. भिजलेल्या भाताचा तांदूळ भरडताना तुटला होता. मावशींनी कण्यांची एक पिशवी माझ्या हातात दिली, नको म्हटलं तरी. खाचराच्या ओलीत वाल टोकून झाला होता. त्यांनी विचारलं, "पेपरात काय लिवतात, औंदा पाऊस कधी?" मी म्हटलं, अजून सहा महिने आहेत, मावशी. त्या म्हणाल्या, राबाला पाला आत्तापासूनच गोळा करावा लागतो.