जीव कुणाचा अडकलाय?

मेंदू म्हणजे मांसाचा संगणक, श्रद्धा म्हणजे त्यातला बिघाड. एआय आलं, आता देवाला रिटायर करा, असं यवतमाळात चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. समोरचा लगेच उसळतो: यंत्राला आत्मा नाही, म्हणजे आमचंच खरं! दोघंही घाईत आहेत.

आधी संगणकवाले. माणसाच्या मेंदूत साधारण 8,600 कोटी चेतापेशी, वजन दीड किलोच्या आत, सगळा कारभार वीसेक वॅटवर. मोजमाप कबूल. पण हा मेंदू उपाशी राहतो, घाबरतो, मरतो. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बोंडअळीची डोमकळी दिसली, काय करू, असं फोनला विचारा. कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडून नष्ट करा, असं तो सांगेल, आणि ते बरोबरच असेल. शेतीसाठी एआय वापरण्याचं धोरण राज्यानं 2025 मध्ये मंजूर केलं, त्यालाही माझी ना नाही; 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा वेळेवर सांगणारं कुणीतरी हवंच होतं. मात्र बोंडअळीनं पीक खाल्लं, तर कर्जाचा बोजा फोनच्या सातबाऱ्यावर चढत नाही. ज्याचा जीव अडकलाय त्यालाच 'कशासाठी' हा प्रश्न पडतो.

आता आत्मावाले. यंत्राला देव कळत नाही म्हणून देव आहे, हा कुठला न्याय? गोठ्यातल्या बैलालाही कळत नाही. कळंबच्या चिंतामणी गणपतीला पायऱ्या उतरून जाणारा शेतकरी पुरावा शोधायला जात नाही. पेरणीची चिंता घटकाभर कुणाच्या तरी हवाली करायला जातो. त्याला तुमच्या वकिलीची गरज नाही.

त्याच कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. नवऱ्यानं आत्महत्या केलेली. 11 जानेवारी 2019 ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं, लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेण्याची नामुष्की आयोजकांवर ओढवल्यावर. नवरा पुढच्या जन्माच्या आशेवर गेला. आपला पुढच्या जन्मावर विश्वास नाही, म्हणून याच जन्मात लढणार, अशा अर्थाचं त्या बोलल्या. इथे दोन्ही पक्ष गप्प होतात. पुढच्या जन्मावरची श्रद्धा नाकारूनही या बाईच्या जगण्याला अर्थ आहे, आणि तो कुठल्या गणितातून निघालेला नाही. असं भाषण यंत्र दोन सेकंदांत लिहून देईल, पण त्याच्या पदरी लेकरं नाहीत.

त्याच वर्षी वैशालीताई यवतमाळ-वाशीममधून लोकसभेला उभ्या राहिल्या. पडल्या.