रिअँप पेटी : नाव पाहावे की रोहित्र?

१/ १९४७ साली शिकागोत ध्वनिअभियंता बिल पटनम याने हार्मोनिकॅट्स या त्रयीचे ‘पेग ओ’ माय हार्ट’ मुद्रित केले. प्रतिध्वनीसाठी त्याने चक्क स्नानगृह वापरले. ध्वनी स्पीकरवाटे खोलीत सोडायचा, तिथला घुमारा मायक्रोफोनने टिपायचा आणि मूळ ध्वनीत मिसळायचा. मुद्रित ध्वनीला पुन्हा हवेत पाठवून नवे रूप देता येते, हे तत्त्व तेव्हाचे.

२/ साठच्या दशकात नेमके उलटे घडले. गिटारची तार अँप्लिफायर टाळून थेट मिक्सिंग कन्सोलमध्ये जाऊ लागली. बीटल्सच्या १९६८ च्या ‘रेव्होल्यूशन’मधला फाटका, कर्कश आवाज असाच, कन्सोलवर अतिरिक्त भार टाकून मिळवलेला आहे.

३/ रिअँपिंग म्हणजे या दोन वाटांचा संगम. वादन आधी थेट, कोरे मुद्रित करायचे. नंतर तेच मुद्रण अँप्लिफायरमधून वाजवून, मायक्रोफोन लावून पुन्हा टिपायचे. वादकाने एकदाच वाजवायचे, ध्वनीचा शोध मात्र नंतर निवांतपणे घेता येतो.

४/ अडचण तांत्रिक आहे. व्यावसायिक स्टुडिओची प्रमाण लाइन पातळी सुमारे १.२३ व्होल्ट. गिटारच्या पिकअपचा संकेत सामान्यतः त्याहून बराच क्षीण आणि त्याचा इम्पीडन्स कितीतरी जास्त. म्हणून सरळ केबल जोडली, तर आवाज अनपेक्षितपणे फाटतो आणि गुणगुण शिरते. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात जॉन क्युनिबर्टी या अमेरिकन अभियंत्याने यासाठी ‘रिअँप’ नावाची पेटी घडवली. पुढे ते उत्पादन कॅनडाच्या रेडियल इंजिनिअरिंगकडे गेले आणि नाव क्रियापद होऊन बसले.

५/ इथेच खरेदीदाराची फसगत होते. तो नावाकडे पाहतो. पाहायला हव्यात तीन गोष्टी : चांगले रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, पातळी कमी-जास्त करणारे बटण, आणि ग्राउंड तोडणारा स्विच. रोहित्रामुळे संगणक आणि अँप्लिफायर यांच्यातला विद्युत्संबंध तुटतो, संकेत मात्र पार जातो. भारतातल्या ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची गुणगुण बहुधा तिथेच थांबते. या तिन्ही गोष्टी असलेली साधी, बाह्य वीज न लागणारी पेटी बहुतेकांना पुरेशी ठरते.

६/ अपवाद फझ पेडलचा. १९६६ च्या फझ फेससारख्या मंडलाचा प्रवेश-इम्पीडन्स अत्यल्प असतो. गिटारचा पिकअप जणू त्या मंडलाचाच भाग होतो. अशा वेळी इम्पीडन्स बदलता येणारी पेटी घेणे योग्य. पॅसिव्ह डीआय बॉक्स उलटा जोडण्याची युक्ती जुनी आहे. तिने काम भागते, पण पातळीवर ताबा राहत नाही.

७/ तरीही पहिला खर्च रिअँप पेटीवर नव्हे, तर सुमारे दहा लाख ओहम प्रवेश-इम्पीडन्सच्या डीआय बॉक्सवर व्हावा. इतिहासाच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको. अस्सल कागद शाबूत असेल, तर त्याचा अन्वयार्थ शंभरदा बदलता येतो. कोरे मुद्रण हाच तो अस्सल कागद. तोच मलिन निघाला, तर जगातली कोणतीही पेटी त्याला उजळवू शकत नाही.