तीन लाल वर्तुळं



मार्च १९९० मध्ये जपानचे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांना मानद ऑस्कर मिळालं. वयाची ८० वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती. ‘राशोमोन’, ‘सेव्हन समुराई’, ‘रान’ असे चित्रपट नावावर होते. तरी मंचावर ते जे बोलले त्याचा अर्थ असा, की सिनेमा म्हणजे काय हे मला अजून नीट उमगलेलं नाही. ते उमगावं म्हणून काम करत राहीन.

आपल्या वर्गात "समजलं का?" असं विचारलं की मुलं एका सुरात "होऽऽ" म्हणतात. "नाही समजलं" म्हणायला धीर लागतो. हा धीर कुठून येतो? मला वाटतं, त्याचं उत्तर कुरोसावांच्याच आत्मचरित्रात आहे.

लहानपणी ते वर्गात मागे पडणारे, रडके मूल होते. टोकियोच्या प्राथमिक शाळेत त्यांना ताचिकावा नावाचे शिक्षक भेटले. चित्रकलेच्या तासाला हे गुरुजी नमुना द्यायचे नाहीत. मनाला येईल ते काढा म्हणायचे. कुरोसावांनी रंगीत पेन्सिलींनी, बोटांना थुंकी लावून रंग पसरत चित्र काढलं. वर्ग खो खो हसला. गुरुजी हसणाऱ्यांवरच रागावले, त्या चित्राचं भरभरून कौतुक केलं आणि त्यावर लाल शाईने मोठी तीन वर्तुळं काढली. जपानी शाळेत हा सर्वांत वरचा शेरा! शाळा नावडतीच राहिली, पण त्या दिवसापासून मूल चित्रकलेच्या तासाची आतुरतेने वाट पाहू लागलं, बाकीचे विषयही सुधारले, आणि पुढे तो वर्गप्रमुख झाला.

आता आपल्याकडे बघा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक घर, एक नदी. चाळीस मुलांची चाळीस चित्रं सारखीच. एखाद्याने जांभळा सूर्य काढला, तर आपण म्हणतो, "सूर्य असा असतो का रे?" परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो. वर्णनात्मक नोंदीही बऱ्याचदा तयार यादीतून उतरवल्या जातात.

कुणी म्हणेल, पटसंख्या मोठी, वर कागदपत्रांचा ढीग. प्रत्येक मुलाकडे बघायला वेळ कुठे आहे? अडचण खरी आहे. पण त्या गुरुजींनी जादा तास घेतला नव्हता. वर्ग हसला तेव्हा कुणाची बाजू घ्यायची, एवढंच त्यांनी ठरवलं. तेवढं आपल्या हातात रोज असतं. घरी पालकांच्याही हातात असतं.

कुरोसावांचा पहिला चित्रपट १९४३ चा, शेवटचा १९९३ चा. पन्नास वर्षांत ३० चित्रपट. आणि तो शेवटचा चित्रपट कुणावर? एका निवृत्त शिक्षकावर आणि दरवर्षी त्याचा वाढदिवस साजरा करणाऱ्या विद्यार्थ्यांवर. नाव ‘मादादायो’, म्हणजे "अजून नाही!"

आपल्या वर्गातलं कुठलं मूल पुढे काय होईल, हे आज सांगता येत नाही. म्हणून उद्या एखाद्या वहीत विचित्र काही दिसलं, तर लाल पेन उचलण्याआधी त्या मुलाला एकदा विचारून बघूया, "हे कसं सुचलं रे तुला?"