तीन मुली आणि अवहित्थ

नव्या पद्धतीचें चित्र पुढें आलें कीं, लाल म्हणजे रक्त, छाया म्हणजे दैव, अशीं कोष्टकें मांडण्याची संवय पुष्कळांस असते. वर्गांत समास सोडवावा तसें चित्र सोडविण्याची ही रीत आम्हांस मान्य नाहीं. अमृता शेरगिल यांचें 'तीन मुली' हेंच चित्र घ्या.

पॅरिसचें शिक्षण आटोपून अमृताबाई १९३४ सालीं हिंदुस्थानांत परतल्या व १९३५ सालीं त्यांनीं हें चित्र काढिलें. वय अवघें बावीस. अजिंठ्याचीं लेणीं प्रत्यक्ष पाहिलीं तीं त्यानंतर. १९३७ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीनें चित्रास सुवर्णपदक दिलें. सध्यां तें दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत आहे. तीन तरुण मुली अगदीं जवळजवळ बसल्या आहेत. मागें घर नाहीं, झाड नाहीं. वस्त्रांचे रंग उजळ, चेहरे मूक. कोणी कोणाकडे पाहत नाहीं, आपणांकडेही नाहीं.

हा करुणरस म्हणावा काय? भरतमुनींच्या मतें शोकाचे अनुभाव म्हणजे अश्रु, विलाप, वैवर्ण्य. येथें तर एकही आसूं नाहीं. आम्ही तेहतीस व्यभिचारी भावांपैकीं अवहित्थाकडे बोट दाखवूं. मनांतला भाव मुद्रेवर उमटूं न देणें, तें अवहित्थ. त्याचें प्रसिद्ध उदाहरण कुमारसंभवाच्या सहाव्या सर्गांतलें. अंगिरस ऋषि शंकरासाठीं मागणी घालीत असतां पार्वती पित्याशेजारीं खालीं मान घालून हातांतल्या कमळाच्या पाकळ्या मोजीत बसते. तो लपविलेला आनंद होता.

या तिघी काय लपवितात? चित्रकर्त्रीनें पार्श्वभूमीबरोबर विभावही पुसून टाकिला आहे. कारण नाहींसें करून परिणाम तेवढा ठेविला आहे. कारण प्रेक्षकानें आपल्या पदरचें घालावयाचें. आम्हांस तें आपल्याच माजघरांत सांपडतें. बाहेर वडील मंडळी स्थळाविषयीं बोलत आहेत आणि आंत मुलगी तांदूळ निवडीत बसली आहे. तिच्या न बोलण्यास आपण पिढ्यान्‌पिढ्या संमति म्हणत आलों. तिला कोणीं विचारिलें होतें? लवलेल्या मानेआड आनंदच असावयाचा, हें आपण पार्वतीवरून ठरवून टाकिलें. तिनें त्या वरासाठीं स्वतः तप केलें होतें, हें मात्र सोईस्कर विसरलों.

या चित्रांतल्या मुलींची दृष्टिही खालींच आहे. हातीं कमळ नाहीं.